काटवटीतला खळगा

१

हे कुणाला सांगायचं नाही असं आप्पांनी मला बजावलं होतं, आणि मी मान डोलावली होती. मान डोलावणं मला सोपं जातं, बोलणं जात नाही. म्हणून लिहिते आहे. ‘मी, मी’ करून लिहायची लाज वाटते, तेव्हा जिची ही गोष्ट तिला भिवरा म्हणेन. माझंही नाव तेच आहे, त्याला इलाज नाही.

घरची सगळी पहाटेच बैलगाडीनं नारायणगडाला गेली. मला देवाला चालत नव्हतं, म्हणून मी मागे ओसरीवर बसले आहे. दिवे लागल्यावर शेजारच्या मंजुळाबाई सोबतीला येतील. त्यांचे गुडघे धरलेले असतात, जिना त्या चढत नाहीत. हे आत्ताच सांगून ठेवते.

२

चौसाळ्याला हमरस्त्याच्या कडेला भिवराच्या वडिलांचं, सुंदररावांचं घर. वर छताला पांढऱ्या मातीचं सपाट माळवद. वैशाखात घरात जीव राहत नाही, म्हणून उन्हं कलली की भिवरा माळवदावर पाणी शिंपडायची, आणि मग आप्पा पितळी दुर्बीण कापडात गुंडाळून, लेकरू उचलावं तशी वर आणायचे.

आप्पा म्हणजे सुंदररावांचे धाकटे भाऊ. सारी हयात हैदराबादेत, सरकारी वेधशाळेत गेली. भिंगं पुसायची, घड्याळांना चावी द्यायची आणि चंद्राची चित्रं उतरवून काढायची, हे त्यांचं काम. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चंद्र त्यांना ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखा दिसायचा, तोही जोर लावून.

आप्पांच्या ओळखीचे एक गृहस्थ चंद्रावरच्या एका खळग्याची चित्रं जमवत होते. त्यांची बायको हैदराबादेत मुलींचं वसतिगृह चालवी. बीडला मामाकडे राहून भिवरानं जेवढ्या इयत्ता होत्या तेवढ्या संपवल्या होत्या. पुढं शिकायचं तर हैदराबाद. गृहस्थांनी कळवलं होतं की पुतणीचा हात तुम्ही म्हणता तसा असेल तर तिनं काढलेल्या चित्राचा कागद पाठवा, पोरीची सोय करू.

सुंदररावांनी ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावत म्हणाले, “कागद पसंत पडला तर जाऊ दे. न्हाई पडला तर दिंद्रुडला भगवानरावाच्या घरी पोरगी दिली म्हणून समज.”

 त्या दिवसापासून पेन्सिलीला टोक काढताना भिवरा दात आवळून काढायची.

तो खळगा चंद्राच्या तोंडावर जवळपास मध्यभागी होता. साहेब लोकांनी त्याला कुणा परक्या पंडिताचं नाव दिलेलं, ते आप्पांच्या जिभेवर बसत नव्हतं. ते त्याला म्हातारा म्हणत. काठ खचलेले, कुटून कुटून झिजलेल्या उखळासारखे. एका अंगाला काठ फुटलेला, बांधातून गुरं जाऊन जाऊन खिंड पडावी तसा.

“कोवळा खळगा कुणी बी काढंल,” आप्पा म्हणायचे. “म्हातारा काढाया नजर लागती.”

नजर भिवराची आणि जाण आप्पांची, अशी दोघांची वाटणी होती. ती दुर्बिणीतून बघायची, मग माळवदाची पांढरी माती भिजवून काटवटीत तसाच खळगा घडवायची. आप्पा त्यावरून बोटं फिरवून चुका सांगायचे, आणि बोटांना पटलं की मग कागद.

काटवट आईची, म्हणजे छबुबाईची होती, भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात.

“माझी काटवट चंद्राला दिली,” छबुबाई जिन्याखालून म्हणायची. “आता भाकरी काय डोक्यावर थापू?”

“वहिनी, तुमची भाकरी बी गोलच हाय. चंद्राला राग यायचा न्हाई.”

“चंद्राचं पोट हवेवर भरतं, आप्पा. तुमचं भरतं का?”

आप्पा हसायचे. माळवदावर अशी मजेची संध्याकाळ असायची, आणि खाली रस्त्यावरून गाड्यांच्या घुंगरांचा आवाज जात राहायचा.

३

अष्टमीला, सूर्य नुकताच टेकला असताना, भिवरानं भिंगाला डोळा लावला.

खळग्यावर ऊन तिरपं आलं की उन्हाकडच्या भिंतीची सावली आत पडते आणि समोरची भिंत उजळते. हे चंद्रावरही तसंच आणि ताकाच्या वाटीतही तसंच. त्या संध्याकाळी चंद्रावरचे सगळे लहानमोठे खळगे हा नियम पाळून बसले होते, शाळेत रांगेनं बसावं तसे. म्हाताऱ्यात मात्र जी भिंत उजळायला हवी तिच्याच पोटाशी काळं होतं, आणि जिथं सावली हवी तिथं लख्ख ऊन.

तिनं पदरानं भिंग पुसलं. डोळा बदलला. काळं तिथंच.

“आप्पा, सावली उलटी हाय.”

“दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, पोरी.”

“मग सगळ्यांचीच दिसंल. एकाचीच कशी?”

 “डोळा फसतो. खळग्याचा उंचवटा वाटाया लागतो. मलाबी लई डाव वाटलाय. डोळं मिट, दम घे, पुना बघ.”

तिनं तसं केलं. तिला आप्पांचं म्हणणं खरं ठरायला हवं होतं, म्हणून तिनं मनापासून केलं. उंचवटा नव्हता. सावलीची कड म्हणजे ती पाडणाऱ्या भिंतीची कड असते. ह्या काळ्याची कड कुठल्याच भिंतीशी जुळत नव्हती.

“सावली जिथं पायजे तिथं काढ,” आप्पा म्हणाले, “अन् चल जेवाया.”

भिवरानं बाकीचा सगळा म्हातारा काढला, काठ, खिंड, आतलं सपाट. सावलीची जागा तेवढी कोरी ठेवली, बोराएवढी.

४

दुसऱ्या दिवशी तिनं काटवटीत खळगा घडवला आणि उतरत्या उन्हात ठेवला. सावली जिथं पडायला हवी तिथं पडली. भिवराला इतकं बरं वाटलं की ती आपणहून आईला भाकरीचं पीठ चाळून द्यायला गेली. माती तडकू नये म्हणून वर ओलं फडकं टाकलं.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी फडकं काढलं, तर काळं समोरच्या भिंतीशी होतं. भर उन्हात.

ती लाजरी होती, पण भित्री नव्हती, आणि शाळेत तिला पडताळा घ्यायला शिकवलं होतं. तिनं काटवटीवर हात धरला. हाताची सावली सरळ पडली, उन्हापासून दूर, जशी पडायला हवी तशी. मग तिनं काटवट हळूहळू फिरवली. सावली असती तर ऊन धरून जागेवर राहिली असती. ती काटवटीबरोबर फिरली. त्याच भिंतीला टेकून, खिंडीच्या समोर.

ओल असेल, तिनं मनाशी म्हटलं. ओली माती काळी दिसते. फडक्यानं एका जागी जास्त ओल धरली असेल.

आप्पा मांडी घालून बसले आणि रोजच्यासारखी बोटं काठावरून फिरवू लागले.

“काठ झिजलाय, बरं. हितं खिंड. बरं. उतार जरा जास्त झाला, पण चालंल.” बोटं आत उतरली. “हे आत काय ठिवलंस?”

“काय न्हाई ठिवलं.”

“मऊ लागतंय.”

“ओल असंल, आप्पा.”

 आप्पांचं तोंड आभाळाकडे होतं, पांढुरके डोळे कुठंच बघत नव्हते. मग त्यांनी हात मागे घ्यायला सुरुवात केली. वासरानं बोटं तोंडात धरली की माणूस जसा सावकाश, त्याला न बिचकवता हात सोडवून घेतो, तसा.

त्यांच्या बोटांच्या टोकांना राखाडी धूळ होती. माती पांढरी होती आणि ओली होती. ही कोरडी होती, चुलीतल्या राखेहून बारीक. आप्पांनी ती नाकाशी नेली. भिवरालाही वास आला, बंदुकीचा बार उडाल्यावर येतो तसला.

“काटवट वहिनीला देऊन टाक,” आप्पा म्हणाले. “अन् हे कुणाला सांगू नगंस.”

“अन् कागद?”

“कागदावर सावली सरळ काढ.”

“सरळ न्हाई ती.”

“तुला शिकाया जायचंय का न्हाई?”

 भिवरानं काटवटीवर फडकं टाकलं, आणि टाकताना ते मधोमध जरा वर राहिलं, खाली वाटी पालथी ठेवल्यासारखं. तिनं चारी कोपरे ओढून ताणलं. मग नीट बसलं.

५

तेरशीला दिंद्रुडहून भगवानराव आले. पोरगी बघायचा बेत होताच. मोठा देह, मोठा आवाज, धोतराच्या सोग्यानं वारा घेत ते थेट माळवदावर आले.

“मास्तरीणबाई, आमाला बी दावा की तुमचा चंद्र. सून कशाकशात तोंड घालती ते आदी बघून ठिवावं.”

सुंदरराव खूष होऊन हसले. भिवरानं मान खाली घालून दुर्बीण लावून दिली. म्हाताऱ्यावर लावायची नव्हती. पण हात सवयीनं तिथंच गेला.

“लई खड्डे बाबा,” भगवानराव एक डोळा मिटून म्हणाले. “आमच्या दिंद्रुडच्या रस्त्याची आठवण झाली. तालुकदाराला हितं आणून बशिवलं पायजे, म्हणावं बघ, चंद्रावर बी तुझ्याच गुत्तेदारानं रस्ता केलाय.”

सगळे हसले. खाली छबुबाईनं दूध तापायला ठेवल्याचा आवाज आला.

“अन् हे कोण बसलंय?” भगवानराव म्हणाले.

“तिथं कोण बसंल, पाव्हणं?” सुंदरराव हसतच होते.

भगवानरावांनी डोळा काढला नाही. “पाठमोरं हाय,” ते म्हणाले, शेतात कोण आलंय ते सांगावं तितक्याच साध्या आवाजात.

 आप्पांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. भगवानराव दुर्बिणीपासून उठले तेव्हा त्यांच्या एका डोळ्यातून पाणी येत होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही. दूध घेतलं नाही. गाडी जोडायला सांगून ते जिन्याकडे निघाले. भिवरा जिन्याच्या तोंडाशी अंग चोरून उभी होती. तिथं ते थांबले.

“बाई,” ते हळू म्हणाले, “ते वळाया लागलं की बघू नगा.”

थोड्याच दिवसांत दिंद्रुडहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. सुंदररावांनी दोन जेवणं टाकली.

“पोरीनं काय तरी दावलं त्यान्ला,” ते बायकोला म्हणाले.

“चंद्रच दावला की,” छबुबाई म्हणाली. “मागितला त्यांनी.”

भिवराला भीती वाटली होती. खोटं कशाला सांगू, दोन दिवस ती माळवदाच्या कडेला गेली नाही. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, घट्ट आणि उबदार, मुठीत धरलेल्या खड्यासारखं. आपला डोळा खोटा नव्हता. दुसऱ्या माणसानंही तेच पाहिलं होतं.

६

मग आईनं ते केलं, जे आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं केलं असतं.

माळवदाची माती कुणी टाकून देत नाही. पावसाळ्याआधी भेगा बुजवायला ती लागतेच. पुनवेच्या दुपारी छबुबाईनं काटवट उचलली, फडकं काढलं, माती हातानं मोडली आणि जिन्याजवळच्या भेगेत भरली. वरून धुम्मसानं ठोकून सारखी केली. काटवट घासली, उन्हात वाळवली, आणि संध्याकाळी त्यात पीठ मळलं.

भाकरी नेहमीसारखीच लागली. भिवरानं अर्धीच खाल्ली.

चंद्र उगवला तेव्हा ती दुर्बिणीपाशी बसली. पुनवेला सूर्य चंद्राच्या समोरासमोर असतो, कुठल्याच खळग्यात सावली पडत नाही. तिला ते माहीत होतं, म्हणूनच तिला बघायचं होतं. सावली नसताना जे काळं उरेल ते काय आहे ते कळणार होतं.

काहीच नव्हतं. चंद्र घासलेल्या ताटासारखा होता. म्हातारा जेमतेम ओळखू येत होता, काठ, खिंड, आणि आत स्वच्छ पांढरं. रिकामं.

“आप्पा, गेलं,” ती म्हणाली. तिला हसू येत होतं. “तिथं न्हाई आता.”

आप्पा हसले नाहीत. ते खाली वाकून कान देत होते.

माजघरात, कडीपाटाच्या, छताच्या फळ्यांच्या फटींतून माती गळत होती. बारीक, सावकाश, पितळेच्या झाकणावर कोणी मीठ सोडावं तसा आवाज.

उन्हाळ्यात माळवद गळतंच. घुशी असतात, पारवे असतात, फळ्या आकसतात. भिवरानं हे सगळं मनात म्हणून पाहिलं. सकाळी छबुबाईनं माजघर झाडलं आणि केरसुणी थांबवून म्हणाली, “राख कुठून आली गं?”

वर जिन्याजवळ, जिथं माती ठोकली होती तिथं, जमीन बशीसारखी दबली होती. भोवती गोल काठ उठला होता, एका अंगाला फुटलेला. आईनं पुन्हा ठोकून सपाट केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिनं धुम्मस खाली ठेवलं आणि माळवदावर वाळवण घालायचं सोडलं. का म्हणून, असं तिला कुणी विचारलं नाही.

फुटलेली बाजू जिन्याकडे होती.

७

काल संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले होते. गडावरून परतलं की लगेच कागद हैदराबादला जायचा होता, नेणारं माणूस ठरलं होतं.

“सगळ्यांच्या चंद्रावर असतं तसं काढ अन् मोकळी हो,” सुंदरराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. “दिंद्रुडचं मोडलं, ते मोडलं. आता हे तरी होऊ दे.”

“तिकडच्या लोकांस्नी बिनचूक चंद्र पायजे,” आप्पा म्हणाले. ते अलीकडे हात अंगरख्याच्या बाह्यांत ठेवूनच बोलत. “उलटी सावली बघितली की म्हणतील, पोरीला दिसत न्हाई. कागद परत येईल. सरळ काढ. मी त्याला खोटं म्हणत न्हाई.”

“मग काय म्हणता, आप्पा?”

“शहाणपण.”

भिवरानं मान डोलावली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. तिनं आप्पांकडे नाही, वडिलांकडेही नाही, वर कडीपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “जे हाय ते काढीन. न्हाई तर कोरंच पाठवा. पन सरळ काढनार न्हाई.”

“अन् शाळा गेली तर?”

“तर गेली.” तिचा आवाज कापत होता, तिनं तो कापू दिला. “डोळा खोटा पाडून घेऊन तिथं जाऊन काय शिकू?”

 आई उठली, तिच्या पुढ्यात पेन्सिल ठेवली, आणि दिव्याची वात सारायला आत गेली.

८

आज अवस आहे. चंद्र नाही. दुर्बीण आप्पांनी कापडात बांधून पेटीत ठेवली आहे, आणि आज तिची गरजही नाही.

दुपारपासून माती गळत होती. मी माजघरात खाली ताट ठेवलं होतं. आता ऊन उतरलं तशी ती थांबली. ताटात राखाडी ढीग आहे, आणि बंदुकीच्या बाराचा तो वास ओसरीपर्यंत येतो आहे. कागद माझ्या मांडीवर आहे. मधली बोराएवढी जागा अजून कोरी आहे, कारण भगवानरावांनी जे पाहिलं ते पाठमोरं होतं, आणि पाठ काढून कागद पुरा होत नाही.

आत्ता वरून हाक आली. भिवरे, अशी. आई मारते तशीच, शेवटचं अक्षर जरा लांबवून. आई नारायणगडाला आहे. मंजुळाबाई अजून आल्या नाहीत, आणि त्या जिना चढत नाहीत.

पहिल्या पायरीवर काळं पडलं आहे. ओसरीवर ऊन पश्चिमेकडून येतं आहे, आणि हे काळं उन्हाच्याच अंगाला आहे.

ते वळायला लागलं की बघू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. मी बघणार आहे. कागद आणि पेन्सिल घेऊन जाणार आहे. जिथं असेल तिथंच काढणार, जसं असेल तसंच काढणार, आणि त्याला तोंड असेल तर तेही, म्हणजे हैदराबादच्या लोकांना कळेल की चौसाळ्याच्या मुलीला नीट दिसत होतं, आणि आप्पांना कळेल की मी

हो, आले. पेन्सिलीला टोक काढते आहे. तिथंच थांबा, खाली उतरू नका, मीच वर